मण्यावरचे भोवरे

"वाच आणि खाली सही कर," असं म्हणून सावदेकर सरांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला.

भिंतीपलीकडच्या मोरीत नळ वाहत होता. नथ्थुजी काचेचे मणी धूत होते. नळ बंद झाला की मण्यांची बारीक किणकिण ऐकू यायची, मग पुन्हा नळ. बावीस वर्षं त्या प्रयोगशाळेत ते हेच करत आले होते.

मी कागद वाचला. 'प्रयोगशाळा परिचर श्री. नथ्थुजी तायवाडे यांच्या धुण्यातील वारंवार निष्काळजीपणामुळे नमुन्यांवर दोष निर्माण होत असून प्रकल्पाचे नुकसान झाले आहे.' खाली सरांची सही होती. तिच्याखाली माझं नाव टाइप केलेलं होतं, कु. निर्मला वैराळे, संशोधक विद्यार्थिनी, आणि त्यावर मोकळी जागा.

"सर, पण नक्की धुण्यामुळेच…"

"तुला दुसरं कारण माहीत आहे का?" सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, तो फक्त एक प्रश्न होता. "असेल तर सांग. मी पत्र फाडून टाकतो."

नळ परत सुरू झाला.

"नाही सर," मी म्हणाले आणि सही केली.

एकोणीसशे त्र्याण्णवच्या मे महिन्यातली ही गोष्ट. वऱ्हाडातल्या एका विद्यापीठात मी पीएच.डी. करत होते आणि विषय होता द्रवस्फटिक. मनगटी घड्याळात काळे आकडे उमटतात ना, ते या पदार्थामुळे. दिसायला दुधाळ तेलासारखा, पण आतले कण लांबट असतात आणि विंचरलेल्या केसांसारखे एकाच दिशेने झोपतात. सपाट काचेवर ते शिस्तीत झोपतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांचा प्रकल्प त्याच्या पुढचा होता: मोहरीएवढ्या गोल काचेच्या मण्यावर, सगळ्या बाजूंनी, एकही डाग नसलेला थर. दिल्लीला त्यांनी तसं लिहून दिलं होतं. तीन वर्षांत करून दाखवू म्हणाले होते, आणि तिसरं वर्ष संपत आलं होतं.

डाग मात्र येत होते. सूक्ष्मदर्शकाखाली मण्यावर मध्येच कण गोंधळायचे, गरगर फिरल्यासारखे एका बिंदूभोवती जमायचे. आम्ही त्यांना भोवरे म्हणायचो. त्या बिंदूतून काळ्या पाकळ्या निघालेल्या दिसत. दर मण्यावर भोवरे असायचेच. मणी पुन्हा धुतला, तरी असायचेच.

पत्र गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून नथ्थुजींना प्रयोगशाळेत यायची बंदी झाली. चौकशी होईपर्यंत त्यांनी बाहेरच्या व्हरांड्यात, सूचनाफलकाखाली स्टुलावर बसायचं. छप्पन्न वर्षांचा माणूस. येता-जाता विद्यार्थी विचारत, "नथ्थुजी, आज इकडे कसे?" ते म्हणत, "आत गरम होते." बाहेर त्रेचाळीस अंश असायचं.

प्रकल्प तपासायला दिल्लीची समिती पुढच्या गुरुवारी यायची होती. हातात नऊ दिवस होते.

"आता मणी तूच धू," सर म्हणाले. "एक चांगला नमुना मिळाला तरी पुरे."

मी धुतले. आम्लातून तीनदा, उकळत्या पाण्यातून तीनदा, शेवटी अत्तराच्या बाटलीसारखं जपून ठेवलेलं शुद्ध पाणी. हातमोजे घातले, तोंडाला रुमाल बांधला. पहिल्या मण्यावर चार भोवरे दिसले. दुसऱ्यावर चार. तिसऱ्यावर दोनच होते, मला आनंद झाला, पण नीट पाहिलं तर हे दोन मोठे होते. लहान भोवऱ्यातून दोन काळ्या पाकळ्या निघत, यांच्यातून चार-चार निघत होत्या.

आमचा द्रवस्फटिक पस्तीस अंशांवर गेला की त्याचं साधं तेल होऊन जाई. सगळी रांग मोडायची, सूक्ष्मदर्शकात नुसता अंधार. त्यामुळे वाळ्याच्या कूलरसमोर टेबल ओढून सकाळी सात ते अकरा, एवढाच वेळ मिळायचा. अकरानंतर कूलरही हरायचा. त्या चार तासांत मी जेवढे मणी बघता येतील तेवढे बघत होते आणि वहीत नुसते आकडे लिहीत होते. चार लहान. दोन मोठे. दोन लहान, एक मोठा. चार लहान.

शनिवारी चाळिसावा मणी झाला आणि वही उघडी ठेवून मी बसून राहिले. भोवऱ्यांची संख्या बदलत होती. पाकळ्यांची बदलत नव्हती. चाळीसच्या चाळीस मण्यांवर आठ.

घाण कधी मोजून पडत नाही. एका मण्यावर तीन डाग पडतील, एकावर अकरा, एकावर एकही नाही. दरवेळी बरोबर आठ का?

सरांकडे जायला हवं होतं. मी गेले नाही. मी व्हरांड्यात गेले.

नथ्थुजी भिंतीला टेकून बसले होते. मला पाहून उठायला लागले.

"बसा नथ्थुजी. एक विचारायचं होतं." मी जवळच्या पायरीवर बसले. कुठून सुरुवात करावी कळेना. "समजा, एका गोल वस्तूवर सगळीकडे केस आहेत. पूर्ण गोल. आणि मला ते सगळे चापून विंचरायचेत. एकही उभा राहायला नको, कुठे भोवरा नको."

"नाही जमत," ते लगेच म्हणाले.

"का?"

"नारळ पाहा ना. किती धागे असते त्याच्यावर. सारे एका दिशेनं जाते. पण कुठंतरी जमा तं होतेच ना? एक इकडचं टोक, एक तिकडचं. बिनटोकाचा नारळ राहाते का?"

मी पायरीवरच्या धुळीत बोटाने गोल काढला आणि त्याला दोन टोकं काढली.

"टोक नको असंन तं गोल घ्याचंच नाही," ते पुढे म्हणाले. "चुंबळ घ्याची. आमची बुढी डोक्यावर पाण्याच्या गुंडासाठी लुगड्याची चुंबळ करते. त्याच्यात धागा नुसता फिरत राहाते. कुठं सुरू नाही, कुठं संपत नाही."

चुंबळ म्हणजे कडी. मधे भोक असलेली. द्रवस्फटिकाची तीच बाटली, तेच धुणं, फक्त मण्याऐवजी कडी. तिच्यावर भोवरे आले, तर धुण्यात किंवा द्रवात दोष. नाही आले, तर दोष कुणाचाच नाही, आकाराचा आहे.

"नथ्थुजी, काचेची एवढीशी कडी ओढता येईल तुम्हाला? मोहरीपेक्षा थोडी मोठी?"

ते हसले. "काच वितळवायचा बर्नर आतमंदी आहे. मले आत मनाई आहे."

"माहीत आहे मला."

"हो. तुमाले माहीतच असंन." ते सूचनाफलकाकडे बघत शांतपणे म्हणाले. "ते पत्र कुलसचिवाच्या ऑफिसात मीच घेऊन गेलो होतो. पाकीट उघडंच होतं. खाली तुमची सही पाहिली."

पायरी तापलेली होती आणि मला उठता येत नव्हतं. काही बोलायला हवं होतं.

"मले राग नाही आला," नथ्थुजी म्हणाले. "मी डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलो. उजव्यात मोतीबिंदू सुरू झाला म्हणते. मंग मले वाटलं, खरंच असंन. माह्याच डोळ्याले दिसत नसंन, अन् मणी तसाच राहात असंन. वरीसभर तसाच धुतला असंन म्या."

मी सांगू शकले असते. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "कडी करून द्याल का?"

त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून कडीचं माप धरून पाहिलं.

"देतो," ते म्हणाले. "मलेबी समजलं पाहिजे."

गावात त्यांच्या ओळखीचा एक सोनार होता. त्याच्या फुंकणीवर आणि दिव्यावर नथ्थुजींनी चार दिवस प्रयत्न केले. काच पातळ ओढली की तुटायची, जाड ठेवली की वाकायची नाही. अकरा कड्या फुटल्या. बारावी गुरुवारी सकाळी साडेनऊला त्यांनी एका आगपेटीत कापसावर ठेवून माझ्या हातात दिली. त्यांनीच ती धुतलीही होती, दरवेळी मणी धुवायचे तशीच. मी ती काचपट्टीवर ठेवून बाटलीतला थेंब तिच्यावर चढवला. बघायला वेळच उरला नाही. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला.

समितीतले दोघे आलेच नाहीत. एकट्या डॉ. रिसबूड आल्या होत्या, पुण्याच्या. साठीच्या, ठेंगण्या, पांढरी सुती साडी नेसलेल्या. सरांनी त्यांना छायाचित्रं दाखवली. मण्याची सुंदर, स्वच्छ, एकही डाग नसलेली छायाचित्रं. ती मीच काढली होती. ती खोटी नव्हती, पण सगळी वरून काढलेली होती. मणी जड असल्यामुळे थेंबात खाली बसायचा, तळाशी थर पातळ व्हायचा आणि भोवरे तिथेच जाऊन जमायचे. भिंग खाली उतरवून पाहिल्याशिवाय ते दिसत नसत.

"छान आहेत," रिसबूड बाई म्हणाल्या. "आणि जे नमुने बिघडले ते?"

"आमच्या परिचराचा हलगर्जीपणा," सर म्हणाले. "त्याची चौकशी चालू आहे."

"बरं. मला प्रत्यक्ष बघू दे."

त्या सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. कूलरचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. भिंतीवरचा तापमापक बत्तीस दाखवत होता. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग डोळा न काढताच विचारलं, "खालच्या बाजूला काय आहे?"

सर म्हणाले, "खालची बाजू या भिंगाखाली नीट…"

"मी या मुलीला विचारतेय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. दहा वर्षं मी त्या माणसाला मानत आले होते. माझ्या वडिलांना पटवून मला पुढे शिकवायला लावणारे तेच होते.

"खाली भोवरे आहेत," मी म्हणाले. "प्रत्येक मण्यावर आहेत. पाकळ्या आठ. मी चाळीस मोजलेत. धुण्याने फरक पडत नाही."

"वैराळे!"

"बोलू द्या तिला," रिसबूड बाई म्हणाल्या. "फरक पडत नाही हे कशावरून?"

मी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी लाइट गेले. कूलर धापा टाकत थांबला, सूक्ष्मदर्शकाचा दिवा विझला. खिडकीतून मेचं ऊन आत येत होतं. मी सूक्ष्मदर्शकाखालचा जुना आरसा खिडकीकडे वळवला आणि भिंग खाली घेतलं.

"आता दिसतंय का?"

"दिसतंय. चार लहान." त्या मोजत होत्या. "दोन, चार, सहा, आठ."

"ते कुठे आहेत लक्षात ठेवा."

तापमापक तेहतीसवर गेला. मग चौतीस, मग पस्तीस. सरांच्या कपाळावरचा घाम चष्म्यावर ओघळला, त्यांनी तो पुसला नाही.

"गेलं," रिसबूड बाई म्हणाल्या. "सगळं काळं झालं."

मी माठातल्या पाण्यात रुमाल भिजवला, पिळला आणि काचपट्टीच्या कडेला लावून धरला. मिनिट गेलं, दोन गेली.

"येतंय परत," त्या हळूच म्हणाल्या. "अगं, पण आता तीनच आहेत. आणि जागा वेगळ्या."

"पाकळ्या मोजा."

"दोन. दोन. आणि हा मोठा, चारांचा." त्या थांबल्या. "आठ."

"धूळ असती तर ती होती तिथेच परत दिसली असती," मी म्हणाले. "धूळ वितळत नाही."

सरांनी खुर्ची मागे सरकवली. "एवढ्यावरून काही ठरत नाही. द्रवच अशुद्ध असेल तरी असं होऊ शकतं." मग माझ्याकडे वळून, सावकाश, त्यांनी विचारलं, "बाटली कोण भरतं?"

मी टेबलावरची बाटली उचलून सगळ्यांपुढे ठेवली.

"मी भरते सर."

मी कडीची काचपट्टी आणून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"ही कडी आहे," मी रिसबूड बाईंना म्हणाले. "नथ्थुजी तायवाडेंनी केली आणि त्यांनीच धुतली. द्रव त्याच बाटलीतला, मी भरलेल्या. जर हिच्यावर भोवरे असले, तर दोष आमच्या दोघांपैकी एकाचा."

"तू पाहिलीस का ही?"

"नाही. कुणीच पाहिली नाही."

त्यांनी क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाकल्या. मी रुमाल धरून उभी होते. भिंग वर, भिंग खाली. एक बाजू, दुसरी बाजू. दाराच्या जाळीतून व्हरांड्यातल्या स्टुलाचे दोन पाय आणि नथ्थुजींच्या चपला दिसत होत्या.

"चार ठिकाणी सावली आहे," त्या म्हणाल्या.

सरांनी श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं.

"ती… ती कुठे एका बिंदूत जमते का मॅडम? पट्टी फिरवून बघा."

त्यांनी पट्टी फिरवली. पुन्हा फिरवली, पूर्ण एक चक्कर.

"नाही," त्या म्हणाल्या. "नुसती सरकतेय, गोल गोल. केंद्र कुठेच नाही." मग पूर्ण कडी तळापासून वरपर्यंत पुन्हा एकदा पाहून त्या उठल्या. "एकही भोवरा नाही. सावदेकर, या. बघा तुम्ही."

सर आले, वाकले. अर्धं मिनिटच पाहिलं असेल.

"हा आकाराचा गुण आहे," रिसबूड बाई म्हणाल्या. "गोलावर हे राहणारच. कितीही धुवा. जे होऊच शकत नाही त्याचं वचन तुम्ही देऊन बसलात. आणि त्यासाठी एका माणसाची चौकशी लावलीत."

सरांनी टेबलावरची छायाचित्रं गोळा केली.

"मॅडम," मी म्हणाले, "त्या चौकशीच्या पत्रावर माझीही सही आहे."

"वैराळे, तू बाहेर जा," सर म्हणाले. ओरडले नाहीत. थकल्यासारखे म्हणाले.

सोमवारी पत्र मागे घेतलं गेलं. माघारीचं पत्र सरांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं, एवढं मी त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. प्रकल्प मात्र तिथेच संपला. आठवड्याभराने त्यांनी निरोप धाडला की मी दुसरा मार्गदर्शक शोधावा. मी शोधला. आणखी अडीच वर्षं लागली. सर नंतर कधी समोर आले तर मान हलवत आणि पुढे जात. मी आता स्वतः मुलांना शिकवते, आणि त्या खोलीतला त्यांचा तो प्रश्न, दुसरं कारण माहीत आहे का, मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतो. कारण त्यांनी खरोखर विचारलं होतं.

पण ते सगळं नंतरचं. त्या गुरुवारी मी बाहेर आले तेव्हा नथ्थुजी स्टुलावर नव्हते. ते सायकल स्टँडपाशी, कडुलिंबाखाली उभे होते. मला येताना पाहून त्यांनी सायकलचं हँडल घट्ट धरलं.

"मणी साफ होता?" त्यांनी विचारलं.

"होता नथ्थुजी. अगदी साफ होता. पहिल्यापासून."

त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते ओले होते, पण आवाज नेहमीसारखाच होता.

"मंग ताई, सही काऊन केली?"

सरांनी सांगितलं म्हणून केली, असं म्हणता आलं असतं. सगळ्यांनी मान्यही केलं असतं.

"एप्रिलमध्ये बाटली भरताना गाळणकागद फाटला," मी म्हणाले. "दुसरा नव्हता. घाई होती. मी द्रव तसाच न गाळता भरला आणि कुणाला सांगितलं नाही. मग पुन्हा भोवरे दिसले, आणि मला वाटलं, हे माझ्यामुळेच. वर्षभरापासून येत होते हे माहीत होतं, तरी मला वाटत राहिलं, माझ्यामुळेच. सरांनी तुमचं नाव घेतलं तेव्हा…" मी सायकलच्या सीटवर हात टेकला. "तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, नथ्थुजी."

ते रागावतील असं वाटलं, आणि मला ते हवंही होतं. त्यांनी सायकल स्टँडवरून खाली उतरवली.

"तवाच सांगून द्याचं होतं ना ताई," ते म्हणाले. "म्या म्हटलं असतं, चला, दुसरी बाटली भरू."